रुक्मिणीचा डावा डोळा

डोळा लवतोय असं अमरावतीत कुणाला सांगून पाहा. 'कधीपासून?' असं कुणी विचारत नाही. 'उजवा का डावा?' एवढंच विचारतात आणि उत्तर ऐकून त्याप्रमाणे चेहरा करतात. माझा डावा होता. पुरुषाचा डावा डोळा लवणं बरं नव्हे, हे मला शेजारच्या काकूंनी, दूधवाल्यानं आणि भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापकानं एकाच सकाळी सांगितलं. काकूंनी तर तोंडाला पदर लावला. "माय वं! मानसाचा डावा बरा नाई, सर. पोरगा बाहेरगावी हाये ना तुमचा? फोन करून पाहा बरं त्याले." फोन केला. मुलगा पुण्यात ट्रॅफिकमध्ये अडकला होता, म्हणजे काकू अगदीच चुकल्या असंही म्हणता येईना.

बायकांचं सगळं उलट असतं. त्यांचा डावा शुभ. बायको म्हणाली, "चांगला डोळा नेमका चुकीच्या माणसाला मिळाला. माझा असता तर निदान एक साडी आली असती." घरातलं पंचांग काढून तिनं अंगस्फुरणाचं कोष्टक वाचून दाखवलं. पाल कुठं पडली तर काय होतं, त्याच्या शेजारीच हे असतं. डोक्यापासून तळपायापर्यंत माणसाचा कुठलाही भाग त्यातून सुटलेला नाही. लाभ, हानी, प्रवास, कलह. डोळ्याला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असं फळ मात्र कुठंही दिलेलं नव्हतं, आणि माझ्या बाबतीत तेच खरं होतं.

कोष्टकावर मी हसू शकत नाही, कारण आमच्या जिल्ह्यातली या दुखण्याची सर्वांत जुनी नोंद थेट भागवतात आहे. दशम स्कंधाचा त्रेपन्नावा अध्याय. वर्धा नदीच्या काठचं कौंडिण्यपूर, आजच्या तिवसा तालुक्यातलं. राजाची मुलगी रुक्मिणी. भाऊ रुक्मी हट्टाला पेटलेला, शिशुपाल वऱ्हाड घेऊन दारात आलेला, लग्न एका रात्रीवर आलेलं. हिनं ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप धाडलाय आणि त्याचा पत्ता नाही. अशा वेळी तिची डावी मांडी, डावा हात आणि डावा डोळा स्फुरू लागतात. तिन्ही एकदम. पुढं ब्राह्मण येतो, कृष्ण येतो आणि देवीच्या दर्शनाहून परतताना तो तिला रथात घालून नेतो. ते देऊळ म्हणजे आमची अंबादेवी, असं अमरावतीत लहान पोरही सांगतं. देवळापासून कौंडिण्यपुरापर्यंत भुयार आहे असंही सांगतं.

भागवतकारांना तो शकुन वाटला. आजच्या डॉक्टरसमोर हीच मुलगी बसली असती तर त्यानं वेगळं लिहून घेतलं असतं: वय कोवळं, झोप नाही, जेवणावर लक्ष नाही, घरात भावाशी भांडण, महत्त्वाचं उत्तर यायचं बाकी. निदान एका ओळीत झालं असतं. औषध म्हणून कृष्ण लिहून देता आला नसता, एवढाच फरक.

कालिदासाची मालविकाही विदर्भाचीच. 'मालविकाग्निमित्रा'च्या पाचव्या अंकात राणी तिला लग्नाचा साज चढवते, पुढं काय होणार याची तिला धाकधूक असते, आणि तिचा डावा डोळा पुन्हा पुन्हा लवतो. दोन मुली, दोघी विदर्भाच्या, दोघींचा डावा डोळा, दोघी बोहल्याच्या तोंडाशी. आमच्याकडच्या मुलींना लग्नाच्या आदल्या रात्री झोप लागत नसावी, यापलीकडं मला त्यातून काही काढता येत नाही. शकुंतलेचा उजवा लवला आणि तिचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. अर्थात शकुंतला म्हटलं की वऱ्हाडी माणसाला आधी मूर्तिजापूरची नॅरोगेज गाडी आठवते. १९९४ पर्यंत ती कोळशाच्या इंजिनावर अचलपूर आणि यवतमाळकडं हलतडुलत जायची. तिच्यात बसल्यावर एकच डोळा लवावा अशी सोय नव्हती, सगळंच अंग स्फुरायचं. वाल्मीकींनी तर कमाल केली आहे. राम आणि सुग्रीव यांची मैत्री जुळली त्या क्षणी तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन डावे डोळे लवले: सीतेचा, वालीचा आणि रावणाचा. एकीचं भलं व्हायचं होतं, दोघांचं मरण ठरलं होतं.

या सगळ्यांत एक गोष्ट कुणी लिहिलेली नाही. किती वेळ लवला? शकुनाला मुदत असते. घटका, दोन घटका, फार तर एक प्रहर. माझा डोळा उन्हाळ्यात सुरू झाला आणि पोळा आला तरी चालूच होता. एवढा लांबलेला शकुन कशाचाच नसतो. इतक्या काळात माणसाचं चांगलंही होतं, वाईटही होतं आणि दोन वेळा विजेचं बिलही येतं.

सुरुवात विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांबरोबर झाली. बाहेर ४५ अंश, आत कूलरचा घोंघाट, समोर गठ्ठा, हाताशी चहा. डाव्या डोळ्याच्या खालच्या पापणीत, जुन्या ट्यूबलाइटसारखं, काहीतरी फडफडायला लागलं. लागेल लागेल म्हणायचं, थांबायचं, थांबलं म्हणून मी पेन उचललं की पुन्हा. आतून वाटायचं की अर्धा गाल उडतोय. मूल्यांकन केंद्रावर शेजारी बसणाऱ्या बाईंकडं मी त्या बाजूनं पाहीनासा झालो, उगाच गैरसमज नको. शेवटी बायकोला दाखवलं. तिनं जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिलं आणि विचारलं, "कुठे?" मग भिंग आणलं. भिंगातून एक बारीक सुरकुती हलल्यासारखी दिसली, तीही तिला. मी भिंगात पाहायला गेलो की डोळा शहाण्यासारखा वागायचा. दवाखान्यात गेल्यावर ताप उतरतो, तसलाच हा प्रकार.

डोळ्याभोवती एक गोल स्नायू असतो. पापणी मिटायचं काम त्याचं. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी सातवी जोडी त्याला हुकूम पोचवते. जागरण, चहा-कॉफी, काळजी, तासन्‌तास डोळे ताणणं यांनी नसेची एखादी बारीक फांदी चेकाळते आणि वरून काही आलेलं नसताना आपल्याच मनानं हुकूम सोडत राहते. चार-दोन तंतू तेवढे उडतात, बाकीचा स्नायू स्वस्थ असतो. म्हणून आपल्याला जाणवतं आणि बायकोला दिसत नाही. मालकाला न विचारता स्नायू हलू शकतो हे तर इटलीतल्या बोलोन्याच्या गॅल्वानीनं १७९१ मध्ये छापूनच टाकलं आहे. त्यानं बेडकाचे पाय उडवून दाखवले, आणि बेडूक मेलेला होता. त्याला ना परीक्षा, ना चहा.

हे कळलं म्हणून बरं वाटलं असं नाही. कारण तोवर फडफड खाली उतरली. एके रात्री पोटरीत आली. मग अंगठ्याच्या बुडाशी आली आणि खडू धरला की अंगठा आपला आपण नाचू लागला. मोबाइलवर शोधायला बसलो. मोबाइल फार प्रामाणिक असतो. पहिल्या ओळीत जागरण सांगतो, दुसऱ्या ओळीत मीठ-पाणी कमी झालं असेल म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत असा एक आजार दाखवतो की स्टीफन हॉकिंगचा खुर्चीतला फोटोच समोर येतो. रात्रीच्या दोन वाजता पहिल्या दोन ओळी कोण वाचतं? त्या रात्री माझी पोटरी जेवढी उडाली तेवढी आधी कधी उडाली नव्हती. भीतीनं फडफड वाढते, फडफडीनं भीती वाढते, आणि दोघींना रात्रपाळीच आवडते.

आणि हे होत होतं कुठं, तर अमरावतीत. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी इथं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मंडळाच्या तुकडीनं आपले देशी खेळ जगाला करून दाखवले. मल्लखांबावर उलटं टांगून घेतलेलं पोर अंगठ्याच्या बेचक्यात अख्खा देह तोलतं, असं हे गाव. इथं स्नायूंना आज्ञेत राहायची शंभर वर्षांची सवय आहे. तिथल्या एका जुन्या उस्तादांना मी माझा अंगठा दाखवला. ते म्हणाले, "दमला म्हनून उडते. आमची पोट्टी दोन तास करतात तं रातच्याला मांड्या अशाच उडतात." मग माझ्या अंगठ्याकडं पुन्हा निरखून पाहत विचारलं, "पन सर, तुमचा कायनं दमला?" लाल पेन धरून, हे उत्तर त्या आखाड्यात देववेना.

घरगुती उपाय सुरू झाले. पापणीवर ओल्या गवताची काडी चिकटवणं. काडीच्या वजनानं डोळा दबतो म्हणे. मी काडी लावून बसलो असताना गॅसवाला आला आणि सिलिंडर ठेवून जरा लवकरच गेला. पोटरीला एरंडेल. केळी. नारळपाणी. एका वैद्यांनी सांगितलं की सगळा वाताचा खेळ आहे. चरकानं निव्वळ वाताचे म्हणून ८० विकार मोजले आहेत. या आकड्यानं मला धीर आला. इतक्या जुन्या काळी इतक्या जणांचं इतक्या ठिकाणी काहीबाही उडत होतं आणि वंश तरी चालूच राहिला.

बायकोनं मात्र चहावर हात घातला. वऱ्हाडात पाहुण्याला चहा नाकारणं म्हणजे भांडण काढणं, त्यामुळे घरी दोन कपांवर आलेला मी बाहेर सातवर गेलो. कुणाकडंही तब्येत सांगायला जावं, तर तो आधी चहा मांडतो.

मला उचकीवाल्यांचा हेवा वाटायचा. तीही छातीखालच्या पडद्याची आपोआप होणारी आकडीच, पण आपल्याकडं तिला किती सुंदर अर्थ आहे: कुणीतरी आठवण काढतंय. फक्त अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या चार्ल्स ऑस्बोर्न नावाच्या माणसाला तो लावता येत नाही. १९२२ मध्ये डुक्कर वजनाला उचलताना त्याला उचकी लागली, ती १९९० पर्यंत चालली. अडुसष्ट वर्षं. मध्ये त्यानं लग्न केलं, मुलं झाली. इतकी आठवण कोण काढत होतं, हे त्याच्या बायकोनं त्याला कधीतरी विचारलंच असेल.

पोळ्याला गावी गेलो. आमचं गाव दर्यापूरकडं, काळ्या मातीचं. शेत भाऊ पाहतो. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकले, हळद-तूप लावलं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असं त्यांना रीतसर म्हणून झालं. मी बैलाजवळ उभा होतो. त्याच्या पाठीवर माशी बसली आणि नेमकी तेवढीच जागा थरथरली. माशी उडाली. बैलानं मानसुद्धा वळवली नाही. जनावरांच्या कातडीखाली एक पातळ स्नायू पसरलेला असतो, तो हे काम करतो. माणसाजवळ त्याचे मानेपाशी वगैरे काही अवशेष उरलेत. म्हणजे बैलाचं स्फुरण कामाचं आणि माझं बिनकामाचं. हे मी सालदाराला बोलून दाखवलं. तो बैलाच्या शिंगांना बेगड लावत होता. म्हणाला, "मलेबी फडफडते ना, सर. दंडात अन् मांडीत. फवारल्याच्या रात्री. सकायी बंद होते." आणि बेगड लावत राहिला. मी त्याला ओल्या गवताची काडी सांगितली.

दुसऱ्या दिवशी कपाशीच्या धुऱ्यानं हिंडून आलो आणि अमरावतीला परतून एकदाचा डॉक्टरांकडं गेलो. आमचे नेहमीचे डॉक्टर. मी त्यांना रुक्मिणीपासून सांगायला लागलो. ते म्हणाले, "थांबा. शेतात गेले होते का? फवारणी कधी झाली?" आणि टॉर्च घेऊन माझ्या डोळ्यात पाहिलं. जो डोळा लवत होता तो नव्हे, दोन्ही. बाहुल्या बारीक झाल्या आहेत का ते. घाम फार येतो का, तोंडाला पाणी सुटतं का, छाती भरते का, उलटी झाली का.

फडफडतंय म्हटल्यावर पुण्या-मुंबईचा डॉक्टर झोप विचारत असेल. वऱ्हाडातला डॉक्टर ऑगस्ट-सप्टेंबरात आधी फवारणी विचारतो. नस स्नायूला निरोप देते तो अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की एक विकर ते रसायन लगेच पुसून टाकतं, म्हणून स्नायू एकदा आवळून सैल पडतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी कीटकनाशकं त्या विकरालाच जखडून ठेवतात. निरोप पुसला जात नाही. स्नायू आवळतच राहतो, अंगभर फडफड उठते आणि शेवटी स्नायू थकून पडतात, श्वासाचेसुद्धा. किडा असाच मरतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात माणसं अशीच मेली. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट आणि कोंदट होती, नोझल तोंडाच्या उंचीवर, अंगावर बनियन. वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण रुग्णालयांत भरती झाले, कितीकांची नजर धूसर झाली. अ‍ॅट्रोपीन या उताऱ्याच्या कुप्यांवर कुप्या रिकाम्या करून डॉक्टरांनी बाकीच्यांना परत आणलं. इथल्या डॉक्टरच्या हातात टॉर्च आधी येतो, तो तेव्हापासून.

माझ्या बाहुल्या ठीक होत्या. डॉक्टर म्हणाले, "तुमचं ते नाही. पण अंगठ्याचं आलंय तर नसांच्या डॉक्टरांना दाखवून टाका, म्हणजे रात्री मोबाइल बंद होईल." मी अजून मोबाइलचं काही सांगितलं नव्हतं.

पूर्वी नसांचा डॉक्टर म्हणजे नागपूरची गाडी धरणं. आता अमरावतीतच काम होतं; गर्दी मात्र नागपूरएवढी. बाकावर माझ्या शेजारी धामणगावकडच्या एक आजी होत्या. त्यांचा उजवा डोळा गच्च मिटायचा आणि त्याच्याबरोबर गाल, ओठाचा कोपरा, सगळं वर ओढलं जायचं. थांबायचं, पुन्हा ओढलं जायचं. भिंगाची गरज नव्हती. वर्षानुवर्षं. "गावात म्हनत, आजी डोया मारते," त्या म्हणाल्या. "मांगं मी लग्नाले जानंच सोडलं." बरोबरची लेक म्हणाली, इंजेक्शन घेतल्यावर तीन-चार महिने बरं राहतं, मग पुन्हा यायचं. आजी त्या दिवशी दुसऱ्यांदा आल्या होत्या, कारण नातवाचं लग्न ठरलं होतं.

आजींच्या बाबतीत बहुधा कवटीच्या आत एखादी रक्तवाहिनी सातव्या नसेला घासत असते. आणि ते इंजेक्शन बोटुलिनम विषाचं. फवारणीचं विष निरोप पुसू देत नाही, हे विष निरोप सुटूच देत नाही; दोघांचं दार एकच. सॅन फ्रान्सिस्कोचे अ‍ॅलन स्कॉट नावाचे नेत्रतज्ज्ञ तिरळेपणावर औषध शोधत होते, त्यांना हे सुचलं, आणि १९८९ मध्ये तिकडच्या सरकारनं तिरळेपणा आणि अशा मिटणाऱ्या डोळ्यांसाठी त्याला परवानगी दिली. सिनेनट्यांच्या कपाळावरच्या आठ्यांचा नंबर त्यानंतर तेरा वर्षांनी लागला. धामणगावच्या आजी रांगेत त्यांच्या पुढं होत्या, हे मला फार आवडलं.

माझा नंबर आला. पहिला प्रश्न: "उजवा की डावा?" मी दचकलो. पण इथं त्याचं कारण वेगळं होतं: एकाच बाजूचा असेल आणि गालही ओढत असेल तर आजींसारखं, दोन्ही डोळे मिटत असतील तर आणखी काही, नुसती पापणी असेल तर बहुतेक काहीच नाही. मग तपासणी. मला वाटलं अंगठा पाहतील. त्यांनी जीभ पाहिली. "बाहेर काढू नका, तोंडातच सैल पडू द्या." जीभ बाहेर काढली की सगळ्यांचीच थरथरते; आत निवांत पडलेली जीभ उडते का, ते पाहायचं असतं. मास्तराला तोंड उघडं ठेवून न बोलता बसवणं सोपं नसतं. मग टाचांवर चाला, चवड्यांवर चाला. गुडघ्यावर, मनगटावर हातोडी. अंगठ्याच्या बुडाचं मांस दोन्ही हातांना सारखं आहे का. शर्ट काढून नुसतं पडून राहा. प्रश्न असे: कुलपात चावी फिरवायला जोर कमी पडतो का? शर्टाची बटणं? जिन्यावर चप्पल अडकते का? गिळताना ठसका? उडण्याबद्दल एक अक्षर नाही. मी आठवण करून दिली. ते म्हणाले, "उडतं ते उडू द्या. ताकद गेली तर मला सांगा."

मग म्हणाले, "काही नाही."

एवढंच. मी वाट पाहिली. तपासणीची फी दिलेली, सुट्टी घेतलेली, जीभ दाखवलेली, आणि काही नाही? काकूंनी फुकटात मुलाचा अपघात दिला होता, पंचांगानं कलह दिला होता, मोबाइलनं तर काय नाही दिलं. इथं पैसे मोजून 'काही नाही'. माझा चेहरा पाहून त्यांनी सांगितलं की अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं अशा निव्वळ फडफडीच्या १२१ रुग्णांचा मागोवा घेतला होता, कुणाचा दोन वर्षं, कुणाचा बत्तीस. १९९३ मध्ये ते छापून आलं. एकालाही तो हॉकिंगचा आजार झाला नाही. "आणि सर, याला सगळ्यात जास्त घाबरतात ते आम्ही डॉक्टर लोक. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी २०१३ मध्ये त्यावर निबंधच लिहिला. विद्यार्थी असताना माझी पोटरी एक अख्खं सत्र उडत होती. मी रोज रात्री स्वतःचीच जीभ आरशात पाहायचो." थायरॉइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम एकदा तपासा म्हणाले. झोपा म्हणाले. चहा किती, असं विचारलं. मी घरचा आकडा सांगितला.

उठताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. शिकत असताना ते तपोवनात जायचे, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी उभ्या केलेल्या कुष्ठनिवासात. कुष्ठरोग जिच्यावर घाला घालतो त्या नसांत हीच सातवी नसही असते. पापणी उघडी ती उघडीच राहते. झोपेतही मिटत नाही, धूळ बसते, बुबुळ कोरडं पडतं, दृष्टी जाते. "हलणारी पापणी घेऊन माणूस आला की मला बरंच वाटतं," ते म्हणाले आणि घंटी वाजवली.

रिपोर्ट नॉर्मल आले. शेजारच्या काकूंना सांगितलं. "काई नाई? अन् किती घेतले?" आकडा सांगितला. "काई नाई सांगाचे येवढे? मंग मी का वाईट होती?" डोळा मात्र त्या आठवड्यात थांबला. काकूंच्या मते नवग्रहांना वाहिलेल्या तांदळांनी, बायकोच्या मते चहा कमी केल्यानं, माझ्या मते गठ्ठे संपल्यानं. अंगठा अजून मधूनच नाचतो. मी त्याला पाहत नाही, आणि कुणी पाहत नसेल तर त्यालाही फार हुरूप राहत नाही.

राहिलं ते सालदाराचं. फवारल्याच्या रात्री मांडी उडते, सकाळी बंद होते, हे मी आमच्या डॉक्टरांना बोलता बोलता सांगितलं होतं. ते खुर्चीत पुढं सरकले. "त्याला घेऊन या. उद्याच." तो यायला तयार नव्हता, हाताला काम होतं, अंगाला ताप नव्हता, दवाखान्यात जायचं कशाला? भावानं मोटरसायकलवर बसवून आणला. माझ्या जिभेपासून टाचेपर्यंत इतकी चौकशी झाली होती. त्याच्या एका बाहुलीकडं पाहूनच डॉक्टर गप्प झाले. रक्तातल्या कोलिनेस्टरेजची, म्हणजे त्या निरोप पुसणाऱ्या विकराची, तपासणी झाली, ते कमी निघालं. काही आठवडे पंपाला हात लावायचा नाही. पुढं फवारायचं तर वाऱ्याच्या पाठीनं, दुपारचं ऊन टाळून, पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला मास्क, हातमोजे. फवारताना तंबाखू नाही, बिडी नाही. घरी आल्या आल्या साबणानं अंघोळ, कपडे वेगळे धुवायचे. पुन्हा मांडी उडाली, डोळ्यापुढं धूसर झालं तर रात्र असो की पाऊस, तडक दवाखान्यात यायचं.

त्यानं सगळं मान हलवून ऐकून घेतलं. चिठ्ठीची घडी करून टोपीत ठेवली. दारापर्यंत गेला आणि वळून डॉक्टरांना म्हणाला, "तुमचं सारं बरोबर हाये, डॉक्टरसाहेब. पन तवरोक बोंडअयीले काय सांगू?"